फक्त एक बल्ब, एक पंखा

मंगळवार, १५ एप्रिल

सगळ्यात आधी आली ती साळूबाईच. पायात चप्पल नाय, मुठीत अर्धवट सोललेला लसूण, तशीच पळत. तिच्या मागं राजकुमार टेलर, गळ्यात टेप लटकवून. मंग काय, सगळी गल्ली. साळूबाई म्हणते, "अगं माय, हिला आवाज कसा नाय? मी हिला बघायला निघाले आन् हीच माझ्या पाठीमागं येऊन उभी. घाबरून लसूण गेला ना गटारीत!" लसूण मुठीतच होता. हिचं बोलणंच असं, एकाचे चार.

तर काल जयंतीला आमच्या करुणानं रिक्षा आणली. लाईटवर चालणारी. करुणा माझी नात. माझा संघपाल आन् सून पुण्याला कंपनीत असतात, ही पोरगी माझ्यापाशी मुकुंदवाडीत. वंदना घेतली, रिक्षाला हार घातला, पेढे वाटले. पहिली चक्कर मला. स्टेशनापर्यंत जाऊन आलो. मला वाटलं गाडी जागेवरच आहे आन् दुकानंच मागं मागं चालली. हसून हसून डोळ्याला पाणी.

माझ्या मालकाचा टांगा होता स्टेशनावर. घोड्याला संध्याकाळी हरभरा लागायचा, हिला लाईट लागती. बाकी दारात जनावर बांधल्यासारखंच वाटतंय. आज उठल्या उठल्या पाठीवरून हात फिरवला, तर करुणा हसली.

साळूबाईचा नवरा नानासाहेब गॅलरीतून बघत होता, तोंडात ब्रश. गंगापूरला ऊस आहे त्यांचा, इथं दोन मजली घर. म्हणाला, "टॅक्स किती बसला गं पोरी?" करुणा म्हणली, "काका, लाईटच्या गाडीला रोड टॅक्स माफ आहे." पाडव्याला त्यानं डिझेलची गाडी घेतलीय, एवढी मोठी की गल्लीत वळत नाय. टॅक्स भरून हात पोळलेत. म्हणाला, "म्हणजे रस्त्याचे पैसे आम्ही भरायचे, आन् पळायचं तुम्ही!" हसला. म्हणून मी बी हसले. पेढा दिला तर खाल्ला.

पाच मेपासून करुणाला चिकलठाण्याच्या एका कंपनीतल्या बाया न्यायचं-आणायचं काम मिळालंय. सकाळची पाळी सहाची. कंपनीवाल्यानं बजावलंय, एक दिवस जरी गाडी आली नाय तर दुसरी रिक्षा लावू.

ही डायरी शोरूमवाल्यानं रिक्षासंगं दिली. करुणा म्हणली, आजी, तूच लिही. प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं गंजत चालली होती. जोडाक्षर आलं की मी अजून थांबते.

शुक्रवार, १८ एप्रिल

लाईट गेली. संध्याकाळी सात वाजता, सगळ्यांच्या भाकरी तव्यावर. करुणानं खिडकीतून वायर सोडून रिक्षाला लावली, आन् थोड्या वेळानं गल्लीच्या टोकाची डीपी फाट्कन बोलली. डीपी म्हणजे खांबावरचा तो मोठा लोखंडी डबा, त्याच्यातनं सगळ्या गल्लीला लाईट येती.

आता डीपी काय आजच उडती का? मागच्या उन्हाळ्यात बी उडत होती. तवा काय रिक्षा होती? पण सगळे आमच्याच दाराकडं बघायला लागले. राजकुमार म्हणाला, "मावशी, तुमच्या घोड्यानं लईच चारा खाल्ला वाटतं." चेष्टाच केली त्यानं. मी बी म्हणलं, "खाऊ दे, वाढतं वय हाय."

लाईनमन कडुबा येऊन तार टाकून गेला. कडुबा कन्नडकडचा आहे, त्याच्या बहिणीच्या सासऱ्याला मी ओळखते. पण ते लांबण लागंल.

मंगळवार, २२ एप्रिल

परवा गेली, आज परत गेली. आज चेष्टा नव्हती. नानासाहेब खाली उतरून आला, बनियनवर. "ही वायर काढा."

करुणा म्हणली, "काका, माझ्या मीटरवरची आहे. बिल मी भरते. पाणी तापवायच्या गिझरला जेवढी लागते तेवढीच हिला लागते."

"गिझर काय सगळ्यांचं बंद पाडतं का? रस्ता फुकट, आता लाईट बी हिलाच सगळी! तुमच्या लोकांना सगळं फुकटच लागतं."

तुमच्या लोकांना, म्हणाला. साळूबाई दारात उभी होती, तिनं मान खाली घातली. करुणाचं तोंड मी बघितलं. माझा हात आपसूक तिच्या मनगटावर गेला.

ती फक्त एवढंच म्हणली, "मी उद्या लाईटच्या ऑफिसात अर्ज देते. रिक्षाला वेगळं मीटर आणि गल्लीला मोठी डीपी. तुमच्याबी घरी लाईट राहील, काका."

असं बोलती ही पोरगी. आगीला पाणी. मी असते तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

शुक्रवार, २५ एप्रिल

आज मी गल्ली वाचवली! सावकाश लिहिते, सगळं लिहायचंय.

करुणा रिक्षा चालवायच्या बॅजच्या कामाला आरटीओत गेलेली. मी ओट्यावर बसले होते. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, आन् आमच्याकडं जुना रिवाज आहे. लाईटवाल्यांची जीप दिसली की पहिल्या घरानं लोखंडी खांबावर दगड मारायचा. ठण्ण आवाज होतो, शेवटच्या घरापर्यंत जातो. मालक होते तवापासून हे काम आमच्याकडं. लई दिवसांत वेळ आली नव्हती. आज जीप दिसली आन् या वयात मी अशी उठले म्हणता!

मंग काय पळापळ! आकडे टाकलेल्यांनी बांबूनं आकडे काढले. राजकुमारनं लाईटची इस्त्री कपड्यांच्या ढिगात खुपसली. साळूबाईनं एसीच्या बाहेरच्या डब्यावर गोधड्या वाळत घातल्या, दोन्ही डब्यांवर. कुणाचा फ्रीज पडद्यामागं, कुणाची पाण्याची मोटर गोणीखाली. मी आमचा कूलर भिंतीशी आडवा पाडला, वर सतरंजी टाकली आन् त्याच्यावर बसले.

एक इंजिनिअर मॅडम होती, अमृता म्हणून, पोरसवदाच, आन् संगं कडुबा. मॅडम म्हणली, "आजी, घाबरू नका. पकडायला नाही आलो. इथली डीपी सारखी उडते, रिक्षावाल्या ताईंचा अर्ज पण आलाय. घरात काय काय चालतं तेवढं लिहून घ्यायचंय."

असंच बोलतात ते. गोड बोलून आत शिरायचं.

मी म्हणलं, "बाई, आम्ही गरीब. एक बल्ब, एक पंखा."

"आणि कूलर?"

"आम्हाला उकडत नाय."

कूलरातलं पाणी सतरंजीखालून निघून तिच्या बुटापर्यंत गेलं. तिनं पाण्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं. "आजी, परत विचारते. खरं सांगितलंत तर तुमचाच फायदा आहे."

"एक बल्ब, एक पंखा," मी म्हणलं. मी काय अशी फसणार?

घरोघर तेच. जाताना मॅडम कडुबाला म्हणली, "सगळीकडं एक बल्ब, एक पंखा. मग एवढी डीपी उडते कशानं?" तर नानासाहेब वरून ओरडला, "कशानं म्हणजे? रिक्षानं!" हे त्यानं बरं नाय केलं. पण पकडलं कुणालाच नाय! साळूबाईनं मला मिठीच मारली. राजकुमार म्हणाला, मावशी, तुमचा पुतळा बसवू डीपीखाली.

करुणा आली तवा मी सगळं हातवारे करून सांगितलं. तिनं विचारलं, "आपला कूलर पण लपवलास?" मी म्हणलं, व्हय तर! ती खाली बसली. ताट वाढलं, तर भाकरीचे तुकडे करीत राहिली, खाल्लं नाय. उन्हात फिरून भूक मेली असंल. उद्या लिंबाचं सरबत देईन.

मंगळवार, २९ एप्रिल

ऑफिसातून करुणाला फोन आला. वेगळं मीटर नाय. मोठी डीपी नाय. गल्लीत जेवढ्या वस्तू लिहून घेतल्या तेवढ्याला आहे ती डीपी पुरून उरते. जास्तीचा बोजा फक्त रिक्षाचा. म्हणून घरच्या मीटरवर धंद्याची गाडी चार्ज करायची नाय. शुक्रवारी येऊन बघणार, आन् प्लग दिसला तर घराची लाईनच तोडणार.

नानासाहेबाला कसं कळलं कोण जाणे. संध्याकाळी कलिंगड कापून वाटलं त्यानं. एक फोड आमच्याकडं बी धाडली. मी तशीच परत दिली.

करुणा माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. "आजी, ते मोजायला आले होते! कुणाला किती लागते ते बघून डीपी द्यायला! सगळ्यांनी मिळून सांगितलं की आम्हाला काहीच लागत नाही!"

मी म्हणलं, "अगं, पण पकडलं असतं."

"कशाबद्दल? आपला कूलर मीटरवर चालतो. बिल आपण भरतो. कूलर असणं गुन्हा आहे का?"

खरंच, आमचा कूलर मीटरवरच आहे. मी तो कामून लपवला? मालक म्हणायचे, सरकारी माणूस दिसला की आधी लपव, मंग विचार कर. तेच हाडात बसलंय. करुणा ज्या लाईटसाठी अर्ज देऊन आली, तिच्यावर मीच बूड टेकून बसले होते.

आज ती जालना रोडच्या चार्जिंगला गेली होती. तिथलं टोक मोटारीचं, रिक्षाला बसत नाय. परत येताना गाडी सिग्नलपाशी संपली. दोघा पोरांनी ढकलत आणून दिली. साडेपाचला जिथं निघायचं तिथं अशी गाडी कशी निघायची?

गुरुवार, १ मे

दारोदार फिरले. म्हणलं, उद्या मॅडम आली की सगळ्यांनी आपापलं खरं दाखवा. रिक्षा बाजूला ठेवू, सगळं चालू करू, तिला तिच्या डोळ्यांनी बघू द्या.

राजकुमार म्हणाला, "मावशी, पाया पडतो. इस्त्री घरच्या मीटरवर आन् काम धंद्याचं. मला धंद्याचं मीटर लावलं तर मी संपलोच." पलीकडच्या घरात म्हणाले, "तुमच्या रिक्षापायी आम्ही दंड भरायचा?" परवा मिठ्या मारत होते. आज मला बघून कड्या लागत होत्या.

साळूबाईनं लोणच्याची बरणी काढली, वाटीत घालत बसली, वर बघेना.

मी म्हणलं, "साळू, तुमचे दोन एसी लावले ना, तर एका दमात कळंल मॅडमला."

"आमची मीटर सोडून खांबाकडं जाणारी वायर तुला ठाऊक हाय ना?"

"मला कसलं ठाऊक?"

"तुला ठाऊक हाय, मनकर्णाबाई. तू ओट्यावरच असती." मंग म्हणली, "मालक मला घरात घेणार नायत. बेजार करून सोडतील." लोणचं मात्र दिलं. कैरीचं, लई छान झालंय. पण आज कशाचीच चव नाय.

शुक्रवार, २ मे

जेवण बाजूला ठेवून लिहिते.

चारला जीप आली. ऊन असं की कुत्रं बी सावली सोडंना. मी दगड उचलला नाय. मॅडम सरळ आमच्याकडं, हातात कागद. कडुबाजवळ लाईन तोडायची पक्कड. नानासाहेब खाली येऊन उभाच.

मी म्हणलं, "बाई, तोडा. पण आधी माझं एक ऐका. त्या दिवशी तुमच्या बुटाला जे पाणी लागलं ते आमच्या कूलरचं होतं."

मॅडम म्हणली, "ते मला तेव्हाच कळलं होतं, आजी."

"मंग लिहिलं कामून नाय?"

"तुम्ही सांगितलं तेच मी लिहिणार ना? लोकांच्या घरातली सतरंजी मला उचलता येत नाही."

करुणानं रिक्षा पार रस्त्यापलीकडं नेऊन उभी केली आन् चावी मॅडमच्या हातात दिली. मी घरात जाऊन कूलर लावला, फ्रीज, मिक्सर, होतं नव्हतं ते सगळं. कडुबा डीपीपाशी चिमट्यासारखं मीटर वायरीला लावून उभा होता. बाहेर येऊन बघते तर बाकी गल्ली गप्प. सगळी दारं लावलेली. मी उभी, करुणा उभी. मॅडमनं घड्याळ बघितलं. नानासाहेब म्हणाला, "झाली का नाटकं? तोडा आता."

आन् तवा वरून घर्र आवाज आला. एसीचा. गॅलरीत साळूबाई, गोधडी ओढून काढत होती. एक डबा उघडा केला, मंग दुसरा.

नानासाहेब ओरडला, "साळे! बंद कर ते!"

ती म्हणली, "मला उकडतंय." बस. एवढंच. चाळीस वर्षांत मी तिला एवढं थोडं बोलताना ऐकलं नाय.

मंग राजकुमारचं दार उघडलं. हातात इस्त्री, लाल दिवा लागलेली, वायर ताणत थेट उंबऱ्यापर्यंत आला, मॅडमला दिसावी म्हणून. घाम गळत होता. मंग पलीकडं मोटर लागली. कूलर लागले, एकामागून एक. गल्लीत एवढा आवाज कधी ऐकला नव्हता.

"मॅडम, चढतंय," कडुबा म्हणाला. "अजून चढतंय. मॅडम, लांब व्हा!"

फाट्! ठिणग्या उडाल्या, सगळं बंद. पंखे हळूहळू थांबले. रिक्षा रस्त्यापलीकडं उभीच, चावी मॅडमच्या हातात.

लाईट गेल्यावर पहिल्यांदाच कुणी शिव्या दिल्या नायत.

मॅडमनं कागदाची घडी घातली. म्हणली, "आज तोडत नाही. सगळं नव्यानं मोजावं लागेल, घरोघर. मोठ्या डीपीसाठी मीच वर पाठवीन, पण मिळेलच असं सांगत नाही. तोवर मी परवानगी लिहून देऊ शकत नाही. चार्जिंग लावलं आणि डीपी उडाली, तर माझ्या हातात काही राहणार नाही." मंग मान वर करून खांबाकडं जाणाऱ्या वायरीकडं बघितलं. "आणि नानासाहेब, ती वायर मी बघितली. परत येईन तेव्हा दिसली तर गुन्हा नोंदवीन."

नानासाहेब जिना चढताना कठडा धरून चढला. वर दार लागलं. साळूबाईचा आवाज काही आला नाय, आन् त्याचीच मला जास्त भीती वाटतीय.

सोमवार, ५ मे

काल संध्याकाळी करुणानं वायर लावली. लावावीच लागली, आज पहिली पाळी. लावली आन् आम्ही दोघी ओट्यावर डीपीकडं बघत बसलो. वाऱ्यानं तार हलली तरी माझा जीव खाली-वर. करुणा म्हणली, "आजी, उडाली तर कंपनी पण गेली आणि लाईन पण गेली." मी म्हणलं, गप बस. गल्लीतले कूलर चालूच होते. आन् वर नानासाहेबाचे एसी.

मंग राजकुमारनं न सांगता इस्त्रीचा प्लग काढला. म्हणाला, "मावशी, झालं माझं काम." काम कुठलं झालं, कपड्यांचा ढीग तसाच होता. आमचा कूलर मी आधीच बंद केलेला. पलीकडच्यांनी मोटर लावायची थांबवली. आन् एकाएकी वरचा घर्र आवाज बंद पडला. एक एसी, थोड्या वेळानं दुसरा. भांडण ऐकू आलं. साळूबाई म्हणत होती, "गच्चीवर झोपा. आपलं लग्न झालं तवा कुठं होता एसी?" मंग नानासाहेब गच्चीवर आला, बनियन काढून, पेपरानं वारा घेत. मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "रोड टॅक्स मी भरायचा, आन् वारा बी मीच घालून घ्यायचा!"

कुणी हसलं नाय. मला लई हसू आलं, पदर तोंडात कोंबला.

डीपी उडाली नाय.

आज साडेपाचला करुणा गेली. गाडी पोटभर जेवलेली. गल्लीच्या तोंडाशी पहिली बाई बसली तिच्या रिक्षात, डबा मांडीवर घेऊन. मी तिला पाणी पाजलं, ओळख ना पाळख. करुणानं मागं वळून बघितलं नाय, बघायला आरसा आहे तिला. मी मात्र वळणापर्यंत बघत होते.

दुपारी साळूबाई आली. डोळे सुजलेले. लसूण सोलायला घेतला दोघींनी. वायर अजून तशीच आहे, ती म्हणली. मालक म्हणतात काढतो, पण शिडीला हात लावत नायत. हिनं घरात पाय ठेवला की तोंड फिरवतात.

मंग विचारलं, "मॅडमपुढं खरं सांगायचं म्हणजे किती सांगायचं गं?"

मी म्हणलं, "सगळंच. दोन एसी म्हणजे दोन एसी."

"आन् मोठी डीपी मिळालीच नाय तर?"

अशा गरमीत रोज कोण कूलर बंद ठेवणार? एक दिवस ठेवतील, दोन दिवस ठेवतील. मी नुसता लसूण सोलत राहिले. ती बी.

अमृता मॅडम आन् कडुबा परवा, बुधवारी सकाळी मोजायला येतो म्हणालेत.